कागदी झोंगझी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झोंगझी म्हणजे नेमके काय?

झोंगझी हा चिकट तांदळाचा, पानात गुंडाळून, दोऱ्याने बांधून उकडलेला चिनी पदार्थ आहे. दक्षिणेकडे बांबूची रुंद पाने आणि उत्तरेकडे देवनळाची पाने त्यासाठी वापरतात. पाने भिजवून मऊ करायची, दोन-तीन पाने एकमेकांवर थोडी सरकवून ठेवायची, त्यांचा शंकू वळायचा, त्यात भिजवलेला तांदूळ आणि सारण भरायचे, उरलेले पान तोंडावर दुमडायचे आणि सगळे घट्ट बांधून काही तास शिजवायचे, अशी त्याची साधारण कृती आहे. सारण प्रांताप्रांतात बदलते. उत्तरेत लाल चवळीसारख्या कडधान्याचे गोड पुरण किंवा चिनी लाल बोरे घालतात, तर दक्षिणेत डुकराचे मांस आणि खारवलेल्या अंड्याचा बलक आवडीने खातात. ग्वांगदोंग प्रांतातल्या चाओछिंगच्या झोंगझीत मुगाची डाळही असते. शिजताना पानाचा वास भातात उतरतो. ज्यांनी हळदीच्या पानातल्या पातोळ्या खाल्ल्या आहेत त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

कागदकामाच्या दृष्टीने आपल्याला महत्त्वाचा आहे तो तिचा आकार. सर्वांत परिचित झोंगझी चार टोकांची, चार त्रिकोणी बाजूंची असते. गणितात या आकाराला चतुष्फलक म्हणतात. पुढे सगळीकडे मी हाच शब्द वापरला आहे.

‘झोंगझी’ हा उच्चार बरोबर आहे का?

रोमन अक्षरांवरून आपण मराठीत ‘झोंगझी’ असे लिहितो आणि या पानावरही मी तेच रूप ठेवले आहे. मूळ उच्चार मात्र मराठी माणसाला इतर अनेकांपेक्षा सोपा जावा असा आहे, कारण त्यातला पहिला ध्वनी हा ‘चोर’ किंवा ‘चाक’ या शब्दांतल्या दंततालव्य ‘च’ च्या अगदी जवळचा आहे. त्या ‘च’ ने ‘चुंग’ म्हणून पाहावे आणि शेवटी तोच ‘च’ स्वर न लावता हलकेच सोडावा. आग्नेय आशियात फुच्येन प्रांतातून गेलेल्या चिनी कुटुंबांमुळे याच पदार्थाला ‘बाकचांग’ म्हणतात. त्यामुळे सिंगापूर किंवा मलेशियात राहणाऱ्या मराठी वाचकांनी हे दुसरे नाव अधिक ऐकलेले असण्याची शक्यता आहे.

हा पदार्थ कोणत्या सणाचा आणि तो सण केव्हा येतो?

झोंगझी त्वानवू या सणाची आहे. चिनी पंचांगातील पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी तो येतो आणि त्या दिवशी ड्रॅगनच्या तोंडाच्या लांब होड्यांच्या शर्यती होत असल्यामुळे बाहेरच्या जगात तो ड्रॅगन होड्यांचा सण म्हणून ओळखला जातो. २००८ पासून चीनमध्ये त्याची सार्वजनिक सुट्टी असते आणि २००९ मध्ये युनेस्कोने त्याला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. २०२५ मध्ये तो ३१ मे रोजी होता, २०२६ मध्ये १९ जून रोजी आहे आणि २०२७ मध्ये ९ जून रोजी आहे.

आपल्या पंचांगाशी त्याचा मेळ सहज बसतो. चिनी महिनाही अमावास्येपासून मोजला जातो आणि पाचवा महिना बहुतेक वर्षी आपल्या ज्येष्ठाशी जुळतो. त्यामुळे हा सण साधारणपणे ज्येष्ठ शुद्ध चतुर्थी-पंचमीच्या आसपास पडतो. मुलांचा वर्ग घेणाऱ्यांनी भिंतीवरची दिनदर्शिका काढून ही तिथी दाखवावी. दोन देश एकाच चंद्राकडे पाहून दिवस मोजतात ही गोष्ट मुलांना मनापासून आवडते.

यामागची कथा कोणती?

सर्वांत प्रसिद्ध कथा छू युआन या कवीची आहे. तो प्राचीन छू राज्याचा मंत्री होता. राजाची मर्जी गेल्यावर त्याला हद्दपार व्हावे लागले आणि शत्रूने राजधानी जिंकल्यावर, परंपरेनुसार इसवी सनापूर्वी २७८ मध्ये, त्याने आजच्या हूनान प्रांतातील मिलुओ नदीत देह टाकला. लोक होड्या घेऊन त्याला शोधायला धावले आणि माशांनी त्याच्या देहाला स्पर्श करू नये म्हणून त्यांनी नदीत तांदूळ टाकला, असे सांगतात. होड्यांच्या शर्यती आणि झोंगझी या दोन्हींचा उगम लोककथेने असा एका प्रसंगात बांधून ठेवला आहे.

लिखित उल्लेख मात्र थोडी वेगळी वाट दाखवतात. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील चोऊ छू याच्या स्थानिक चालीरीतींवरील ग्रंथात पाचव्या महिन्यात खाल्ल्या जाणाऱ्या एका पदार्थाचे वर्णन येते. त्यात तांदळाबरोबरच बाजरीच्या कुळातले भरड धान्य पानात गुंडाळून राखेच्या पाण्यात शिजवलेले असते आणि त्याचे नाव ‘शिंगाचे धान्य’ अशा अर्थाचे आहे. शिंग म्हणजे टोक. पदार्थाची ओळख इतक्या जुन्या काळीही त्याच्या टोकदार आकारावरून होत होती, ही बाब कागद दुमडणाऱ्याला मोलाची वाटते.

कागदाच्या झोंगझी करणे ही आजची शाळेतली टूम आहे की जुनी रीत?

ही जुनी रीत आहे. हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, आणि त्यामागे बहुधा असा समज असतो की खरा पदार्थ करता येत नाही म्हणून मुलांच्या हाती त्याची कागदी प्रतिकृती दिली जाते. वस्तुस्थिती तशी नाही. त्वानवूच्या दिवसांत चिनी घरांतल्या बायका आणि मुली जाड कागदाची पट्टी दुमडून बोटाच्या पेराएवढी छोटी झोंगझी करीत, तिच्यावर रंगीत रेशमी दोरे गुंडाळीत, खाली गोंडा लावीत आणि ती लहान मुलांच्या कपड्यांवर किंवा पलंगाच्या चौकटीला बांधीत. सुगंधी वनस्पती भरलेल्या कापडी पुरचुंड्या याच सणाला करतात आणि कागदी झोंगझी त्यांच्याच कुळातली आहे.

तिचे खरे मूळ खाद्यपदार्थापेक्षा दोऱ्यात आहे, असे माझे मत आहे. पूर्व हान राजवटीत, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, यिंग शाओ याने लोकाचारांवर लिहिताना नोंदवले आहे की पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी पाच रंगांचे रेशीम दंडाला बांधले असता शस्त्रांपासून आणि भुताखेतांपासून रक्षण होते. या दोऱ्याला ‘दीर्घायुष्याचा धागा’ असे नाव होते. पाचवा महिना म्हणजे उष्मा, दमट हवा, साप-विंचू आणि साथीचे रोग, अशी त्या काळची धारणा होती आणि सणाचे बहुतेक आचार लेकरांना त्यातून सुखरूप पार पाडण्यासाठी आहेत. कागदी झोंगझी हा त्या धाग्याला दिलेला एक सुंदर आकार आहे. म्हणूनच नुसता हिरवा कागद दुमडून, वर डोळे-तोंड काढून तिला बाहुली केलेले पाहिले की मला वाईट वाटते. ज्या गोष्टीसाठी ही वस्तू जन्माला आली, तीच तिच्यातून गळलेली असते.

कोणता कागद घ्यावा?

सुरुवातीला झेरॉक्ससाठी वापरतात तो ८० ग्रॅमचा ए-फोर कागद पुरेसा आहे. त्याच्या लांबीच्या दिशेने ३ सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापल्यास एका कागदात बरोबर ७ पट्ट्या निघतात आणि प्रत्येक पट्टीची एक झोंगझी होते. हात बसल्यावर १२० ते १६० ग्रॅमचा कार्डकागद घ्यावा, कारण दोरा ताणून गुंडाळताना पातळ कागदाच्या कडा आत दबतात. जुन्या लग्नपत्रिकांचा कागद या कामाला उत्तम आहे, मात्र तो दुमडताना कडेला तडकतो. त्यामुळे घडी घालण्यापूर्वी पट्टी लावून रिकाम्या रिफिलच्या टोकाने रेघ पाडून घ्यावी. पतंगाचा कागद आणि जिलेटीन या कामाला उपयोगी नाहीत, कारण त्यांना स्वतःचा आकार धरता येत नाही.

पानासारखी झोंगझी हवी असल्यास हिरव्या कागदावर लांबीच्या दिशेने बारीक समांतर रेघा ओढून मग पट्टी कापावी. बांबू ही गवताची जात असल्यामुळे तिच्या पानांच्या शिरा समांतर धावतात, पिंपळासारख्या फांद्या फुटलेल्या नसतात. दुमडल्यावर या रेघा प्रत्येक बाजूवर वेगळ्या दिशेला वळतात आणि वस्तू एकाएकी खऱ्या पानाची दिसू लागते.

कोनमापकाशिवाय ६० अंशांची घडी कशी घालावी?

चतुष्फलकाच्या चारही बाजू समभुज त्रिकोण असल्यामुळे सगळे काम या एका कोनावर उभे आहे. पट्टी आडवी ठेवा. डाव्या टोकाशी तिची वरची लांब कड खालच्या लांब कडेवर आणून फक्त दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत मधली खूण उमटवा आणि उघडा. आता डावीकडचा खालचा कोपरा जागेवर धरून वरचा कोपरा खाली आणा आणि तो मधल्या खुणेवर नेमका टेकवा. ही घडी खालच्या कोपऱ्यातून निघून वरच्या कडेपर्यंत तिरकी जाते आणि पट्टीच्या लांब कडेशी तिचा कोन बरोबर ६० अंशांचा असतो. उघडून, या तिरक्या रेषेच्या डावीकडचा छोटा तुकडा कापून टाका.

यापुढे खूण करावी लागत नाही. पट्टीची वरची लांब कड या तिरक्या कडेवर जुळवून दुमडली की पहिला समभुज त्रिकोण तयार होतो. मग खालची लांब कड नव्या घडीवर जुळवायची, पुढे पुन्हा वरची, असे आळीपाळीने पट्टी संपेपर्यंत जायचे.

या पद्धतीचा एक गुण शिकवताना फार उपयोगी पडतो. आपण प्रत्येक वेळी उरलेल्या कोनाचे दोन सारखे भाग करीत असल्यामुळे सुरुवातीला झालेली चूक प्रत्येक घडीला निम्मी होत जाते. पहिला कोन ६० ऐवजी ६८ अंशांचा पडला, तर पुढचा ५६, त्यापुढचा ६२, मग ५९, मग साडेसाठ असा तो आपोआप जागेवर येतो. म्हणून सात-आठ वर्षांच्या मुलांना मधल्या खुणेचा खटाटोप न शिकवता अंदाजाने पहिली घडी घालू द्यावी आणि पहिले चार त्रिकोण कापून टाकावेत. पुढचे त्रिकोण मोठ्यांच्या तोडीचे निघतात आणि ‘चुकलं’ म्हणून रडू कोसळण्याची वेळ येत नाही.

पट्टीपासून घन आकार कसा तयार होतो?

आता सगळ्या घड्या उघडून पट्टी सरळ करा. आळीपाळीने दुमडल्यामुळे काही घड्या उंचवट्याच्या आणि काही दरीच्या झालेल्या असतील. त्या सगळ्या पुन्हा एकाच दिशेला, आतल्या बाजूला, मोडून घ्या. ही पायरी वगळल्यामुळेच बहुतेकांची झोंगझी बिघडते, असा माझा अनुभव आहे. त्यानंतर पट्टी हातात धरून गुंडाळू लागले की पहिले चार त्रिकोण चतुष्फलकाच्या चार बाजू होतात, पाचवा त्रिकोण पहिल्यावर येऊन बसतो, सहावा दुसऱ्यावर, आणि पट्टी असेपर्यंत हा क्रम चालू राहतो. त्रिकोणांची सरळ पट्टी चतुष्फलकावर कितीही लांब गुंडाळली तरी ती बाजू चुकत नाही. अष्टफलकावर हीच पट्टी गुंडाळली तर आठपैकी सहाच बाजू झाकल्या जातात आणि दोन उघड्या राहतात.

३ सेंटिमीटर रुंद पट्टीच्या त्रिकोणाची बाजू साधारण साडेतीन सेंटिमीटर भरते आणि ए-फोरच्या लांबीत असे सुमारे १६ त्रिकोण बसतात, म्हणजे बरोबर चार थर होतात. पातळ कागदाला चार थर हवेतच. कार्डकागद असेल तर दोन थरांनंतर पट्टी कापावी, कारण जाडीमुळे वरचा प्रत्येक थर थोडा मोठा व्हावा लागतो आणि आधीच पाडलेल्या घड्या कडांवर बसेनाशा होतात. शेवटचा त्रिकोण दोन्ही बाजूंनी मिलिमीटरभर कातरून निमुळता करावा आणि आतल्या थराच्या फटीत सरकवावा. गोंद लावण्याची गरज नाही. खरी झोंगझीही पानाचे टोक खोचून आणि दोरा आवळूनच बंद होते.

दोरा कसा गुंडाळावा? माझा दोरा सारखा घसरतो.

दोरा घसरतो तो चुकीच्या दिशेमुळे. चतुष्फलकाला सहा कडा असतात आणि त्यांच्या तीन जोड्या लागतात. प्रत्येक जोडीतल्या दोन कडा समोरासमोर पण आडव्या-उभ्या असतात आणि एकमेकींना कुठेच भेटत नाहीत. अशी एक जोडी निवडून त्या दोन्ही कडांना समांतर राहील असा वेढा द्यायचा. हा वेढा उरलेल्या चार कडा ओलांडतो आणि चारही बाजूंवरून फिरून जिथून निघाला तिथे परत येतो.

या वेढ्याची गंमत अशी की तो मधोमध घातला काय किंवा कडेच्या जवळ घातला काय, त्याची लांबी एकसारखीच असते. एका कडेच्या जितका जवळ जावा तितकी त्या कडेशी समांतर असलेली त्याची बाजू लांबते आणि दुसरी तितकीच आखडते. एकूण लांबी मात्र नेहमी कडेच्या दुप्पट राहते. दोरा घसरतो तो कमी लांबीच्या जागेकडे. इथे तशी जागाच नसल्यामुळे दोरा ठेवाल तिथे राहतो, अगदी गुळगुळीत कार्डकागदावरही. पूर्वीच्या बायकांनी हे कागदावर सिद्ध केले नसेल, पण त्यांच्या बोटांना ते ठाऊक होते. तिरपा, कोपऱ्याकडे ओढलेला वेढा मात्र निसटणारच.

सुरुवातीचे टोक शेवटच्या त्रिकोणाबरोबर फटीत अडकवावे. पहिला वेढा कडांच्या मध्यबिंदूंवरून न्यावा आणि पुढचे वेढे त्याच्या दोन्ही अंगांना एकमेकांना चिकटून, पण एकमेकांवर न चढता द्यावेत. समांतर कडेपासून दोन-तीन मिलिमीटर अलीकडे थांबावे, कारण कडेवर पोहोचलेला वेढा उलटून निसटतो. एका दिशेचा पट्टा झाला की दुसरी जोडी, मग तिसरी. तिन्ही दिशांचे पट्टे मधोमध घातले तर प्रत्येक बाजूवर तीन पट्ट्यांच्या मधे कागदाची एक उलटी त्रिकोणी खिडकी उरते. पट्टे रुंद करीत गेले की ती लहान होत होत बंद होते. काहींना पूर्ण झाकलेली झोंगझी आवडते. मला स्वतःला खिडकी ठेवलेली अधिक आवडते, कारण तिच्यातून आतला कागद आणि त्याची घडी दिसत राहते.

किती दोरा लागतो?

साडेतीन सेंटिमीटर कडेच्या झोंगझीला एक वेढा सुमारे ७ सेंटिमीटरचा होतो. अर्धा मिलिमीटर जाडीच्या दोऱ्याचा एक सेंटिमीटर रुंद पट्टा म्हणजे २० वेढे, अर्थात सुमारे १.४ मीटर. तीन दिशांना मिळून सव्वाचार मीटर धरावे. भरतकामाच्या दोऱ्याची लडी बहुधा ८ मीटरची असते, म्हणजे एका लडीत जवळजवळ दोन झोंगझी होतात. पाच रंग वापरले तर पाच लड्यांत दहाच्या आसपास झोंगझींचे तोरण सहज निघते.

रंग पाचच का आणि कोणते?

हिरवा-निळा, लाल, पिवळा, पांढरा आणि काळा हे ते पाच रंग आहेत. चिनी विचारात ते अनुक्रमे लाकूड, अग्नी, पृथ्वी, धातू आणि जल या पाच तत्त्वांचे, तसेच पूर्व, दक्षिण, मध्य, पश्चिम आणि उत्तर या दिशांचे रंग मानले जातात. आपली पंचमहाभूते आणि ही पाच तत्त्वे एकच नव्हेत. त्यांच्या यादीत आकाश आणि वायू नाहीत, लाकूड आणि धातू आहेत. पहिल्या रंगाला मी मुद्दाम हिरवा-निळा म्हटले आहे, कारण त्याचा चिनी शब्द दोन्ही छटांना कवेत घेतो.

काळा दोरा चालेल का, असे पालक बिचकत विचारतात. या परंपरेत तो अशुभ नाही, उत्तरेचा आणि पाण्याचा रंग आहे. शिवाय लेकराच्या मनगटाला काळा दोरा बांधणाऱ्या आपल्या घरांना त्याची अडचण वाटू नये. गुलाबी, जांभळे, सोनेरी दोरे आज चीनमध्येही सर्रास वापरले जातात आणि ते सुंदर दिसतात, पण पहिली झोंगझी तरी या पाच रंगांची करावी, असा माझा आग्रह असतो.

आत काही भरता येते का?

येते. चौथा त्रिकोण बंद करण्यापूर्वी कापसाच्या बोळ्यात सुगंधी वनस्पतीची चिमूट ठेवून ती आत सरकवावी. त्वानवूला चीनमध्ये दाराशी दोन वनस्पती लावतात. त्यांतली एक म्हणजे आपले वेखंड. तिची तलवारीसारखी पाने दुष्टशक्तींना पळवतात, अशी समजूत आहे. दुसरी आर्टेमिसिया कुळातली आहे आणि आपला दवणा हा तिचा सख्खा भाऊबंद. म्हणजे बाळाच्या अंघोळीच्या पावडरीतले वेखंड आणि चैत्रात जोतिबाला वाहतात तो दवणा, या दोन मराठी सुगंधांनी भरलेली कागदी झोंगझी मूळ परंपरेपासून जराही दूर जात नाही.

एका गोष्टीपासून मात्र कटाक्षाने दूर राहावे. या सणाच्या जुन्या आचारांत मनशीळ नावाचे लाल-केशरी खनिज वापरल्याचे वाचायला मिळते. त्यात आर्सेनिक असते आणि ते विषारी आहे. मुलांच्या हाताळण्यातल्या वस्तूत ते कोणत्याही कारणाने भरू नये.

अगदी लहान मुलांसाठी याहून सोपी पद्धत आहे का?

जुने पाकीट घ्यावे. त्याचे तोंड चिकटवून एक टोक कापून टाकले की एका बाजूला बंद अशी चपटी नळी मिळते. बंद टोकापासून पाकिटाच्या रुंदीच्या सुमारे सत्त्याऐंशी शतांश अंतरावर, म्हणजे १० सेंटिमीटर रुंदीला पावणेनऊ सेंटिमीटरवर, रेघ मारावी आणि त्यापुढे चिकटवण्यापुरते बोटभर अंतर सोडून उरलेला कागद कापावा. आता उघडे तोंड बंद टोकाशी काटकोनात फिरवून रेघेवर चपटे करावे आणि चिकटवावे. नळी आपोआप फुगून चतुष्फलक होते. स्वीडनमध्ये १९५० च्या दशकात निघालेली त्रिकोणी दुधाची खोकी याच युक्तीने तयार होत. अशी झोंगझी मोठी आणि हलकी असते, आत चार चुरमुरे किंवा एक लिमलेटची गोळी ठेवता येते. दोरा मात्र सैल गुंडाळावा, कारण आतून तिला आधार नसतो.

सगळ्या झोंगझी चार टोकांच्याच असतात का?

नाही. उशीसारख्या चपट्या, लांबट नळीसारख्या आणि एका टोकाला अणकुचीदार शंकूसारख्याही असतात. कागदात त्या करता येतात, पण दोऱ्याच्या वेढ्यांचे जे गणित वर सांगितले ते चतुष्फलकाचे आहे. इतर आकारांवर दोरा घसरू लागला तर तो जागोजागी डिंकाने धरावा लागतो.

गोंद आणि दोरा वापरला तर याला ओरिगामी म्हणता येईल का?

आजच्या काटेकोर व्याख्येप्रमाणे कदाचित नाही, कारण तीत एकच चौकोनी कागद, कात्री नाही, गोंद नाही, असे नियम मानले जातात. पण ओरिगामी हे जपानी नाव आहे आणि चिनी कागदकामाची स्वतःची वेगळी वाट आहे. तिथे दुमडणे, कातरणे आणि बांधणे एकत्र नांदतात. कागदी झोंगझीला त्या वाटेवरूनच पाहावे.

ती देवापुढे किंवा पूर्वजांच्या नावाने ठेवावी का?

ही अंगावर आणि घरात मिरवण्याची वस्तू आहे, नैवेद्य नव्हे. चिनी समाजात पूर्वजांसाठी कागदी वस्तू जाळण्याची स्वतंत्र प्रथा आहे आणि त्या वस्तूंत कागदी खाद्यपदार्थही असतात. त्यामुळे एखाद्या चिनी स्नेह्याला कागदी झोंगझी भेट देताना तिच्यावर पाच रंगांचा दोरा आणि गोंडा आवर्जून असावा. ते पाहताच ती कशासाठी केली आहे हे त्यांना कळते. सोबत शुभेच्छा द्यायच्या तर ‘त्वानवू आनखांग’ म्हणावे. त्याचा अर्थ सणाच्या निमित्ताने सुख आणि आरोग्य चिंतणे असा आहे.

मुलांच्या अंगावर बांधणे सुरक्षित आहे का?

तीन वर्षांखालील मुलांच्या हाती गोंडे आणि सुटे दोरे देऊ नयेत. कोणत्याही वयाच्या मुलाच्या गळ्यात ती दोऱ्याने अडकवू नये. सेफ्टी पिनेने खांद्यावर किंवा दप्तराच्या बंदाला लावावी. पाळण्यावर टांगायची असल्यास बाळाचा हात पोहोचणार नाही इतकी उंच टांगावी.

सण संपल्यावर तिचे काय करावे?

मनगटावरचा पाच रंगांचा धागा त्वानवूनंतरच्या पहिल्या पावसात काढून पाण्याबरोबर सोडून द्यायचा, म्हणजे इडापिडा वाहून जाते, अशी चीनमध्ये अनेक ठिकाणी रीत आहे. ज्येष्ठातल्या त्या दिवसांत कोकणात आणि घाटावर पाऊस दारातच उभा असतो, त्यामुळे आपल्याकडे फार वाट पाहावी लागत नाही. मात्र बाजारातले बहुतेक रंगीत दोरे आता पॉलिस्टरचे असतात आणि ते गटारात किंवा ओढ्यात टाकणे योग्य नाही. दोरा सुती असेल तर कागदासह कुंडीतल्या मातीत पुरावा. पॉलिस्टरचा असेल तर तो उलट्या क्रमाने उलगडून पुठ्ठ्यावर गुंडाळून ठेवावा. पुढच्या ज्येष्ठात तोच दोरा नव्या पट्टीवर पुन्हा चढवता येतो.